वाढत्या अंगाचं

कपाटाचं दार उघडलं की आधी एक टोपडं डोक्यावर पडायचं. मग एक मोजा. दुसरा मोजा कधीच पडला नाही. लहान मुलांच्या मोज्यांत जोडीचा संसार फार दिवस टिकत नाही. एका सकाळी टोपड्यापाठोपाठ मच्छरदाणीची छत्री आपणहून उघडून अंगावर आली. तिच्या तारा डहाणूच्या खाऱ्या हवेनं पार गंजलेल्या. नवऱ्यानं जाहीर केलं, "आता या घरात एकतर हे सामान राहील, नाहीतर मी."

सासूबाई म्हणाल्या, "अरे, पण सामान असं टाकून कसं देणार?"

थोरली सात वर्षांची झाली, धाकटा सव्वातीनचा. तिसरं नको यावर घरात एकमत आहे. सासूबाई तेवढ्या तटस्थ आहेत. तेव्हा एका रविवारी मी सगळं बाहेर काढून चटईवर मांडलं. झबली, अंगडी, फ्रॉक आणि स्वेटर मिळून एकतीस नग. दुपटी मोजली नाहीत. एक बाबागाडी, एक वॉकर, एक प्लास्टिकचा टब, डोळे मिचकावत इंग्रजी गाणं म्हणणारा एक हत्ती आणि एक सागवानी पाळणा. ज्या माणसांसाठी हे सगळं जमवलं, ती घरात आली तेव्हा तीन-तीन किलोचीही नव्हती. त्यांच्या सामानाला मात्र आता टेम्पो लागला असता.

मांडून झाल्यावर लक्षात आलं की यातले अर्धेअधिक कपडे जवळजवळ कोरे आहेत. याचं कारण आपल्याकडचं एक तत्त्वज्ञान. मराठी माणूस लहान मुलाला मापाचे कपडे कधी घेत नाही. तो 'वाढत्या अंगाचे' घेतो. सहा महिन्यांच्या बाळाला वर्षाचं झबलं, वर्षाच्या बाळाला दोन वर्षांचा फ्रॉक. पहिले काही महिने बाळ त्यात हरवलेलं असतं. बाह्या दुमडून, गळ्याला पिन लावून ते त्यातून बाहेर डोकावतं. मग कपडा "मोठा होईल तेव्हा घालू" म्हणून वरच्या खणात जातो. मूल दिसामासी वाढतं, वरचा खण मात्र कोणी दिसामासी उघडत नाही. उघडतो तेव्हा झबलं आखूड झालेलं असतं. तो कपडा अंगाला अगदी बरोबर बसला असता असा एक दिवस मध्ये कधीतरी येऊन गेलेला असतो. बहुधा मंगळवार. आपण ऑफिसात असतो.

त्यात पुण्याची आत्या. तिनं दोन्ही बाळंतपणांना मिळून चार स्वेटर विणले. तिला किती वेळा सांगितलं की आत्या, डहाणूला समुद्र आहे, इथं डिसेंबरातही पंखा लागतो. ती म्हणायची, "असू दे, लहान मुलाला थंडी बाधते." तिच्या प्रत्येक स्वेटरची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब असते. विचारलं तर म्हणते, वाढत्या अंगाचं विणलंय. दोन्ही हात सारखेच वाढतात हे तिला अजून कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

हे सगळं विकायचं, असं मी म्हटल्यावर सासूबाईंचा चेहरा उतरला. "विकायचं? बाळाचं? बाळाचं द्यायचं असतं गं."

त्यांचं खरंच होतं. माझ्या दोन्ही मुलांच्या अंगाला लागलेलं पहिलं कापड नवं नव्हतंच. आजेसासूबाईंचं एक नऊवारी जुनेर सासूबाईंनी जपून ठेवलं होतं. शेकडो धुण्यांनी ते सायीसारखं मऊ झालेलं. त्याचीच दुपटी, त्याचेच लंगोट. नवं कापड टोचतं, हे त्यामागचं शहाणपण. नव्यानं दृष्ट लागते, ही त्यावरची पुरवणी. बारशापर्यंत तर बाळ जुन्यातच. झबली नणंदेच्या मुलाची, कुंची चुलत जावेकडची, आणि तीही तिच्याकडे आणखी कोणाकडून आलेली. आमच्या ओळखीच्या एका पारशी आजींच्या वाडीवर, चिकूच्या बागेतल्या जुन्या घरात, मी पेटीतून काढलेलं रेशमी झभलं पाहिलं आहे. त्यांच्या वडिलांनी घातलेलं. आपलं झबलं आणि त्यांचं झभलं, एका काठाचा फरक. बाकी रीत तीच. माणूस जगात येतो तो दुसऱ्याचे कपडे घालून. पुढं आपण 'सेकंडहँड' म्हणून नाक मुरडतो, पण सुरुवात सगळ्यांची तिथूनच झालेली असते.

प्रश्न एवढाच होता की द्यायचं कोणाला? नणंदेचं एकच, ते आता मिशा फुटायच्या बेतात. जावेची मुलं परदेशात. भावाकडे मूल झालं, पण त्याच्याही कपाटातून टोपडी पडतात. देणारे घरोघरी, घेणारं कोणी नाही. रीत शाबूत होती, पुढचं बाळ तेवढं बेपत्ता होतं.

मग मी फोनवर जाहिराती टाकल्या. या लेखनप्रकाराचा मी आधी थोडा अभ्यास केला. त्यात 'फक्त' या शब्दाला फार मान आहे. 'फक्त तीनदा वापरलेला', 'फक्त रंग थोडा गेलेला', 'फक्त एक चाक'. मला खोटं लिहिता येत नाही, निदान पहिल्या दिवशी तरी येत नव्हतं. मी लिहिलं: "वॉकर. दोन मुलांनी वापरला. दोघंही यात असताना चालायला शिकली नाहीत, बाहेर काढल्यावर शिकली." चौकशी एकही आली नाही. नवऱ्यानं ती जाहिरात बदलून 'फक्त दोन मुलांनी वापरलेला' अशी केली. वॉकर संध्याकाळी गेला.

बाबागाडीला बोईसरचं गिऱ्हाईक मिळालं. ही गाडी आम्ही मोठ्या हौसेनं घेतली होती. कल्पना अशी की संध्याकाळी पारनाक्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखालून बाळाला फिरवू. पहिल्याच संध्याकाळी चारही चाकं वाळूत रुतली. मग बाळ नवऱ्याच्या खांद्यावर, गाडी माझ्या डोक्यावर, अशी आमची वरात घरी आली. त्यानंतर इराणी रोडवर एकदा नेली, तेव्हा मागून येणाऱ्या दोन रिक्षा, एक चिकूचा टेम्पो आणि एक गाय असे सगळे आमच्या गतीनं चालले होते. पुढं ती गाडी घरात कांदे-बटाटे ठेवायला उत्तम होती.

डहाणूची लोकल १६ एप्रिल २०१३ला सुरू झाली. तेव्हा मुंबईला जाणं सोपं होईल एवढाच विचार केला होता; बाबागाड्यांच्या व्यापाराला ती अशी उपयोगी पडेल असं मनात आलं नव्हतं. ठरलं असं, की मी गाडी घेऊन लोकलनं बोईसरला यायचं आणि प्लॅटफॉर्मवर सौदा. ते दोघं पुलाखाली उभे होते. तो औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याशा कारखान्यात कामाला, ती सातव्या महिन्यातली. त्यानं चाकं फिरवून पाहिली, पट्टा ओढून पाहिला, ब्रेक दाबून पाहिला. ती गाडीकडे फारसं बघतच नव्हती. शेवटी मला जरा बाजूला घेऊन तिनं हळूच विचारलं, "ताई, तुमचं बाळ रात्री झोपायचं का?"

आता काय सांगणार? आमची थोरली अडीच वर्षं अखंड जागी होती. पण गाडीत बसणारी आणि रात्री न झोपणारी व्यक्ती एकच असली, तरी त्यात गाडीचा काय दोष? मी म्हटलं, "या गाडीत बसलं की लगेच झोपायचं." अडीच हजार मागितले होते, बाराशे घेतले. उरलेले तेराशे त्या वाक्याचं प्रायश्चित्त म्हणून सोडले.

कपड्यांना मात्र गिऱ्हाईक मिळेना. म्हणून बोहारणीला हाक मारली. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत गाठोडं, आणि नजर अशी की साडीचा पदर न उलगडता जर खरी की खोटी ते ओळखावं. तिनं माझ्या दोन साड्या, नवऱ्याच्या तीन पँटी पटकन बाजूला काढल्या. मग एकतीस नगांचा ढीग बोटानं उचकटला आणि हसली. बाळाच्या कपड्याला कापडच किती असतं? तिचा हिशेब कापडाचा. माणूस लहान तसा भाव लहान. सगळ्या ढिगाला मिळून तिनं एक वाटी पुढं केली. तीही अशी, की तिच्यात कोशिंबीर वाढली तर पाहुण्याला वाटेल की मीठच वाढलंय.

"एकतीस कपड्यांना एक वाटी?"

ती शांतपणे म्हणाली, "बच्चेका है ना." मी ढीग परत उचलला. सासूबाई आतून ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच त्या दिवशी समाधान दिसलं.

पाळण्याचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. रिकामा पाळणा हलवू नये, बाळाचं पोट दुखतं, हा आपल्याकडचा कायदा. आमच्याकडे तो कडक पाळला जायचा. थोरलीनं पाळणा सोडला, तरी तो माजघरात टांगलेलाच होता, दोऱ्या वर गुंडाळायच्या राहिल्या होत्या. आणि नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसायला लागले. आधी एक, मग दुसरा, मग मोजणं सोडून द्यावं इतके. धुंदलवाडीकडची माणसं त्या थंडीत घराबाहेर तंबूंत झोपत होती. घरात झोपायची भीती आणि बाहेर गारठा. आमच्याकडे शहरात खिडक्या थरथरायच्या, मांडणीवरची भांडी वाजायची. अशाच एका रात्री आम्ही सगळे दचकून उठलो, तर अंधारात करकर आवाज. पाळणा एकटाच झोके घेत होता.

"कोणी हलवला?" सासूबाईंनी कडक आवाजात विचारलं.

"जमिनीनं," नवरा म्हणाला.

यावर कायद्यात तरतूद नव्हती. सासूबाई काही दिवस अस्वस्थ होत्या. पण दोन वर्षांनी धाकट्याची चाहूल लागली, आणि त्यांनी त्या घटनेचा निकाल नव्यानं लावला: "पाळणा आपणहून हलला, तेव्हाच मी ओळखलं होतं." आता मला सांगा, जिथं जमीन कधी हलेल याचा नेम नाही, तिथं असा पाळणा टांगून ठेवणं कितपत शहाणपणाचं? मला तो विकायचा होता तो याच कारणासाठी. सासूबाईंना तो ठेवायचा होता तोही याच कारणासाठी. शेवटी तो माळ्यावर गेला. तिथं हलला तरी कळणार नाही, अशी तडजोड झाली.

गाणाऱ्या हत्तीला कोणीच वाली मिळाला नाही. त्याच्याकडे बघून मला नेहमी कोसबाडची टेकडी आठवते. ताराबाई मोडकांनी १९४५ला इथूनच जवळ बोर्डीत बालशिक्षणाचं काम उभं केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ला ते काम कोसबाडला हललं. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून या बायकांनी शिंपले, बिया, खडे, पानं असलं आसपासचं सामान मुलांच्या हाती दिलं. मुलं शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरांमागं गेली, तर कुरणात. हत्तीला तीन सेल लागतात. माझ्या दोन्ही मुलांनी तो आला त्या दिवशी त्याच्या खोक्यात बसून घेतलं आणि हत्ती बाहेर गात राहिला. चिकूच्या काळ्या चकचकीत बिया ओळीनं मांडत थोरली मात्र तासन्‌तास बसायची, आणि आम्ही कोणी ती तोंडात घालत नाही ना हे पाहत बसायचो. घोलवडच्या चिकूला २०१६ला भौगोलिक मानांकन मिळालं ते फळासाठी. बियांसाठी मिळायचं ते आमच्या थोरलीनं आधीच दिलं होतं.

मी तलासरीला शाळेत शिकवते. डहाणूहून चारोटी नाका, तिथून महामार्गानं, महालक्ष्मीच्या देवळावरून पुढं. आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंच्या मुलीला नुकतंच मूल झालं होतं. मी मनात म्हटलं, सापडलं पुढचं बाळ. दुसऱ्या दिवशी एकतीस नगांची पिशवी घेऊन गेले आणि ताईंच्या हातात दिली. "तुमच्या नातवाला. घ्या, असेच."

ताईंनी पिशवी घेतली नाही. "केवढ्याला?" त्यांनी विचारलं.

"अहो, विकत नाही. असेच."

"असेच नको. केवढ्याला देतेस ते सांग." ताई सगळ्यांना 'तू'च म्हणतात, मुख्याध्यापकांनाही.

शिकलेल्या माणसाला अशा वेळी इतिहास आठवतो. मलाही आठवला. याच तलासरी तालुक्यातलं झरी. १९४५च्या मे महिन्यात तिथं वारली माणसं जमली आणि त्यांनी ठरवलं की यापुढं वेठ नाही. राबायचं तर रोजाला बारा आणे, तेही रोख. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये हा सगळा काळ आहे. लग्नासाठी कर्ज काढलं म्हणून जन्मभर सावकाराकडे राबणारे 'लग्नगडी' त्यात आहेत. ज्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबावं लागलं, तिथं 'फुकट' या शब्दाला चांगला वास कसा येईल? मी भारावून ताईंकडे पाहिलं आणि हे सगळं थोडक्यात बोलूनही दाखवलं.

ताईंनी ऐकून घेतलं. डाळीला फोडणी दिली. मग म्हणाल्या, "तसं नाही गं बाय. फुकटातलं निवडता येत नाही."

भूकंपाच्या दिवसांत त्यांच्या पाड्यावर शहराकडून कपड्यांची गाडी आली होती, त्याची गोष्ट त्यांनी सांगितली. ओळीत उभं करून एकेक गाठोडं हातात. ताईंना मिळाला एक काळा कोट आणि नातीला जाळीचा, चकत्या लावलेला पार्टीचा झगा. "नको कसं म्हणू? फुकट देतात ना!" फोटो निघाला, गाडी गेली. झगा नातीला दोन दिवस टोचला, मग त्याची जाळी कोंबड्यांच्या खुराड्याला लागली. कोट शेतात गेला. त्या वर्षी ताईंच्या शेतातलं बुजगावणं हे पंचक्रोशीतलं सगळ्यात प्रतिष्ठित बुजगावणं होतं.

म्हणजे भाव विचारणं हा स्वाभिमान वगैरे होताच, पण त्याआधी ती सोय होती. पैसे दिले की उलटून पाहता येतं, शिवण ओढता येते, वास घेता येतो, आणि तोंडावर "हे नको" म्हणता येतं. देणारा आपलं मन मोकळं करतो. घेणाऱ्याला मात्र ते सगळं ठेवून घ्यावं लागतं. मी आठ दिवस किंमत ठरवण्यासाठी धडपडत होते आणि किंमत कशासाठी असते हेच मला ठाऊक नव्हतं.

"बरं," मी म्हटलं, "सगळ्याचे पन्नास द्या."

ताईंच्या डोळ्यांत संशय उभा राहिला. एवढं स्वस्त? त्यांनी हात धुतले, स्वयंपाकघराच्या पायरीवर बैठक मारली आणि एकतीस नग एकेक करून तपासले. गुंड्या ओढल्या. नाड्या मोजल्या. लेसचे फ्रॉक न बघताच बाजूला. ज्याच्या पाठीला चेन आहे ते सगळं बाजूला. "लहान पोराला चेन कोण लावतं?" माझ्या बहिणीनं मॉलमधून आणलेला छोटा सूट त्यांनी दोन बोटांत धरला, बुजगावण्याच्या आठवणीनं मनसोक्त हसल्या आणि मला परत केला. अकरा कपडे निवडले. त्यात आत्याचे दोन स्वेटर. "चाळीस," त्या म्हणाल्या. मी "पंचेचाळीस" म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांनी चाळीस हातावर ठेवलेही होते. आयुष्यात इतकी उघड हार होऊन इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. उरलेले वीस कपडे मी परत घरी नेले. माझ्या दानशूरपणाचा दोन-तृतीयांश भाग नापास झाला होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तलासरीत सुकट-बोंबील घ्यायला थांबले. चटया, कोंबड्या, गुळाच्या ढेपा, प्लास्टिकच्या चपला, आणि कडेला ताडपत्रीवर जुन्या कपड्यांचे ढीग. एका ढिगावर आडवी दोरी बांधलेली. तिच्यावर निवडक माल टांगलेला. आणि त्यात मधोमध, मानाच्या जागी, एक पिवळा स्वेटर. डावी बाही बोटभर लांब.

मी भाव विचारला. "साठ."

"पन्नासला द्या," मी म्हटलं. हे माझ्या तोंडून का निघालं मला माहीत नाही. माझ्याच मुलाचा, माझ्याच आत्यानं विणलेला, मीच विकलेला.

"साठच्या खाली नाही. हातानं विणलाय." विकणारी म्हणाली. आत्याच्या विणकामाची एवढी कदर आमच्या घरात कधी झाली नव्हती. मी विचारात पडले तोवर दुसऱ्या एका बाईनं तो काढून पोराच्या पाठीला लावून पाहिला, साठ मोजले आणि घेऊन गेली. लांब बाही तिनं पाहिली असावी. तिनं ती नुसती दुमडली.

सोमवारी मी ताईंना गाठलं. ताडपत्रीवाली त्यांची नणंद निघाली. "एक नातवाला ठेवला, एक विकला," ताई म्हणाल्या. "एक पोर दोन स्वेटर कसा घालील?" यावर काय बोलणार! "तुझ्या दर्यावर कुठली थंडी? आमच्याकडं सकाळी काकडतो माणूस." पुण्याची आत्या चार वर्षं चुकीच्या पत्त्यावर स्वेटर पाठवत होती, एवढंच. माल योग्य होता, गाव तेवढं चुकलं होतं.

मी घरी येऊन आत्याला फोन केला आणि सांगितलं की तुझा स्वेटर साठ रुपयांना गेला. ती क्षणभर गप्प झाली. मला वाटलं दुखावली. मग म्हणाली, "आणखी किती हवेत विचार."

परवा ताई पातेलं घासत असताना त्यांनी सहज विचारलं, "तुझा धाकटा केवढा झाला?"

हा प्रश्न मला सगळेच विचारतात आणि उत्तर ऐकून सगळेच हळहळतात. किती पटकन वाढला, लहान होता तेच बरं होतं. मीही हळहळते. कपाट रिकामं करताना दर नगाला मी तेच करत होते. मी सांगितलं, सव्वातीनचा झाला.

ताई हळहळल्या नाहीत. बोटांवर काहीतरी मोजलं. त्यांच्या भाचीचा मुलगा अडीचचा आहे. "मग त्याच्या चपला कधी काढशील?"

"अजून बसतात हो त्याला."

"बसू दे. पण दुसऱ्याला देऊ नको. आणि भाव आधीच सांगते, वीस."

सगळ्या जगात माझा मुलगा मोठा व्हायची वाट बघणारं एवढं एकच माणूस आहे. काल रात्री तो झोपल्यावर मी त्याच्या चपला उचलून पाहिल्या. आत अंगठ्याचा ठसा उमटलाय. अगदी पुढच्या काठाशी.

तीस तरी म्हणायला हवे होते.